साडेतेरा सेंटीमीटर

गेल्या रविवारी बाजारातून पापलेटचा एक वाटा घेतला. सहा नग. घरी आल्यावर मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी काढली आणि ओट्यावर एकेक मासा मोजला. शेपटीच्या टोकापर्यंत धरूनही सहांपैकी चार साडेतेराच्या खुणेला पोचले नाहीत. एक तर अकरावरच संपला.

साडेतेरा सेंटीमीटर म्हणजे १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पापलेट पकडायला महाराष्ट्रात २०२३ पासून बंदी आहे.

म्हणजे पकडणाऱ्याने नियम मोडला, विकणारीने तो टोपलीत मांडला आणि मी पैसे मोजून घरी आणला.

घेताना विचारलं होतं, "मावशी, इतकं बारीक?" त्या सुरी पुसत म्हणाल्या, "मोठं येतंच कुठं आता, दादा? धक्क्यावर जे आलं ते उचललं."

धक्क्यावर आलं. आजच्या सदराचा विषय या दोन शब्दांत आहे.

२०२३च्या सप्टेंबरात सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पापलेटसह ५४ जातींच्या माशांना किमान आकाराचं माप दिलं. केरळपाठोपाठ असं माप ठरवणारं आपलं दुसरं राज्य. निर्णय चांगला, शास्त्राला धरून. एकदाही अंडी न घातलेला मासा जाळ्यात गेला, तर पुढच्या वर्षीचं जाळं कशाने भरणार?

मान मिळाला, माप मिळालं. माप घेणारा माणूस मला अजून दिसलेला नाही.

मासे कमी झालेत हे सांगायला आता तज्ज्ञ लागत नाही, पण तज्ज्ञांनीही सांगून झालंय. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ मध्ये २.०१ लाख टन. पंचेचाळीस वर्षांतला तळ. त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' ही वादळं आली, बोटी कित्येक दिवस बंदरात अडकल्या, हे खरं. पण 'मत्स्यदुष्काळ' हा शब्द काही वादळाने आणलेला नाही. तो किनाऱ्यावरच्या लोकांनी रिकाम्या जाळ्यांकडे बघून घडवलाय.

शेतातला दुष्काळ बघायला पथक येतं. पाण्याखालचा दुष्काळ बघायला कोण बुडी मारणार?

कायदे नाहीत असं कुणी म्हणू नये. १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. ट्रॉलरने संध्याकाळी सहा ते सकाळी सहा जाळं ओढू नये, असा नियम आहे. २०१६च्या फेब्रुवारीत सोमवंशी समितीच्या अहवालावरून पर्ससीन जाळ्यांवर कडक निर्बंध आले. २०१७च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून दंड वाढवले. पर्ससीनवाल्याने नियम मोडला तर एक ते सहा लाख, एलईडीवाल्याला पाच ते वीस लाख. पूर्वी खटला तहसीलदारापुढे चाले. महसुलाच्या शंभर कामांत मासळीची फाइल तळाला जाई. तो अधिकार आता मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्याकडे आला.

इतकं सगळं आहे, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात शहर वसल्यासारखे दिवे दिसतात.

एलईडीची मासेमारी म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बोटीवर जनरेटर चढवायचा, प्रखर दिव्यांच्या रांगा लावायच्या, काही दिवे पाण्यातही सोडायचे. उजेडाला भुलून लहानमोठी सगळी मासळी गोळा होते. मग भोवती पर्ससीनचं जाळं टाकायचं आणि बटव्याची नाडी ओढावी तसा तळ आवळायचा. आत बांगडा असो, तारली असो की कालपरवा जन्मलेलं पिल्लू असो, सगळं वर.

आता सांगा, हा जनरेटर खिशात मावतो का?

तो बंदरात चढवला जातो. दिवे बंदरात बसवले जातात. वायरिंग करायला माणूस बंदरात येतो. पर्ससीनचं जाळं तर इतकं अजस्र असतं, की धक्क्यावर पसरलं तर चालायला वाट उरत नाही. ट्रॉलच्या जाळ्याचा आस किती बारीक आहे, हे जाळं विणायला बसलेल्या खलाशाच्या मांडीवर दिसतं. आणि अकरा सेंटीमीटरचं पापलेट पहाटेच्या लिलावात, दिव्याच्या लख्ख उजेडात, बर्फावर पडलेलं असतं.

समुद्रातला प्रत्येक गुन्हा दोनदा धक्क्यावरून जातो. एकदा निघताना आणि एकदा परतताना.

मग पाठलाग खोल पाण्यातच कशाला?

२०२५च्या जानेवारीत राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची नजर सुरू केली. शिरगाव, उत्तन, गोराई, ससून डॉक, रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरी नाटे, देवगड अशी नऊ ठिकाणं. उपयोगाची गोष्ट आहे, पुराव्याला फोटो मिळतो. पण यातली बरीचशी ठिकाणं म्हणजे नांदती बंदरं आहेत. ड्रोन जिथून उडतो, तिथेच खाली मासळी उतरते.

वर बघणारा डोळा आला. खाली बघायला पट्टी हवी.

पाण्यात पाठलाग किती अवघड, हे सिंधुदुर्गातल्या कुठल्याही रापणकराला विचारा. कर्नाटकातल्या मलपीकडचे हायस्पीड ट्रॉलर झुंडीने येतात, रात्रीतून खरवडून नेतात, गस्तीची नौका दिसली की वेग वाढवून हद्दीबाहेर होतात. स्थानिकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, मोर्चे काढले, कधी जीव धोक्यात घालून परक्या बोटी स्वतःच्या होड्यांनी अडवल्या. मासेमारी करणाऱ्याने गस्त घालायची, तर मासे कुणी पकडायचे?

त्यात हद्दीचं गणित. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, राज्याचे. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचे. ज्याने अकराव्या मैलावर जाळं टाकलं, तो धक्क्यावर येऊन तेराव्या मैलाचं नाव सांगतो. माशाच्या अंगावर मैलाचा शिक्का नसतो. तमिळनाडूच्या पर्ससीनचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०२३च्या जानेवारीत अंतरिम परवानगी मिळाली ती १२ मैलांपलीकडे, आठवड्यातले दोन दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. बोट कुठे होती हे कळलं नाही, तर अशी अट पाळली गेली की मोडली, हे कोण ठरवणार?

त्यावर उपाय ट्रान्सपाँडरचा. देशभर एक लाख बोटींवर ती यंत्रं बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. बोट कुठे होती हे कळेल, वादळात खलाशाचा जीव वाचेल. मनापासून स्वागत.

त्याच दिवशी, त्याच पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ७६ हजार कोटींच्या वरचं काम. सातपाटीपासून डहाणूपर्यंतचा मच्छीमार पोटतिडकीने विचारतोय की आमच्या पापलेटच्या पाण्यात भराव पडल्यावर मासा कुठे जाईल?

बोटीचा पत्ता लागेल. माशाचा पत्ता कोण सांगणार?

पण मोठ्या बोटींवर बोट दाखवून पारंपरिक मच्छीमाराला सूट देणंही बरोबर नाही. उत्तर कोकणातलं डोल जाळं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं, डिझेल जाळत नाही, तळ खरवडत नाही. तरी त्याची शेवटची पिशवी इतक्या बारीक आसाची असते, की बोंबील आणि जवळ्याबरोबर पापलेटची पिल्लंही किलोकिलोने येतात. ही गोष्ट कोळीवाड्यातले जाणते स्वतः सांगतात. त्यांच्या जिवाला ती लागलेली असते.

शत्रू फक्त परप्रांतीय असता, तर प्रश्न केव्हाच सुटला असता.

पावसाळी बंदीचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. पूर्वी आपल्याकडे बंदी १० जूनला सुरू होऊन नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत, जे आधी येईल तोवर चाले. मग पश्चिम किनाऱ्याला एकच वेळापत्रक लागू झालं. आता पौर्णिमा उशिरा आली, की दर्याला सोन्याचा नारळ वाहण्याआधीच यांत्रिक बोटी बाहेर पडलेल्या असतात. आजोबा दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी ढकलत नसत. त्यांना परिपत्रक लागलं नाही.

आता एक चांगली गोष्ट. ती सांगताना मला खरंच भरून येतं.

२०१८च्या डिसेंबरात राज्याने एक योजना आणली. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. फोटो काढा, पुरावा द्या, पैसे घ्या. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खात्याने मिळून हे केलं, आणि शेकडो जीव जिवंत पाण्यात परत गेले. वन्यजीव कायद्याच्या धाकाने जे झालं नव्हतं, ते फाटलेल्या जाळ्याची किंमत मान्य केल्यावर झालं.

मच्छीमाराला चोर समजलात, तर तो लपवतो. भागीदार केलंत, तर तो स्वतःचं जाळं कापतो.

वेळासचं तेच. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने कासवांची घरटी राखायला घेतली. पूर्वी अंडी चोरली जात. आता पहाटे लोक पिल्लांची पाण्याकडची पहिली धडपड बघायला रांगेत बसतात. मूठभर जीव, वाळूत उमटलेली ती नखाएवढी पावलं. २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत एक ऑलिव्ह रिडले अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायावरचा बिल्ला ओडिशातला निघाला, २०२१ मध्ये लावलेला. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, अख्ख्या देशाला वळसा घालून.

तिच्या वाटेत किती राज्यांच्या हद्दी आल्या आणि किती ट्रॉल जाळी?

त्या ट्रॉल जाळ्यात कासवाला बाहेर पडायला एक चौकट बसवता येते. टेड म्हणतात तिला. कोळंबी आत राहते, कासव झडपेतून सुटतं. आपल्या ट्रॉलरवर ती नसते, म्हणून अमेरिका २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेत नाही. चौकट नाकारली ती थोडी कोळंबी निसटेल या भीतीने, आणि अख्खी बाजारपेठ निसटली.

टेडही धक्क्यावरच तपासता येतं, हे वेगळं सांगायला नको.

मासेमारीला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय २०२५च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने घेतला. वीज, कर्ज, विमा यांत सवलती मिळतील, मिळायलाच हव्यात. पण शेतकरी निदान बियाणं राखून ठेवतो. आपण बियाण्याची भाजी करतोय.

आपण, म्हणजे मी आणि तुम्ही. बारीक पापलेट तव्यात अख्खं बसतं. थाळीत एक नग एक माणूस असा हिशेब जमतो, म्हणून हॉटेलवाल्यालाही तेच हवं असतं. गिऱ्हाइकाला ताटातला मासा अख्खा दिसायला हवा. त्या अख्ख्या दिसण्यापायी आपण अर्धवट वाढलेला मासा खातोय.

सरकारच्या हातात काय नाही? बोटीची नोंदणी सरकारकडे. परवाना सरकारकडे. निघतानाचं टोकन सरकारकडे. डिझेलवरचा परतावा सरकारकडे. यातलं एकही हत्यार चालवायला समुद्रात उतरावं लागत नाही. लिलावाच्या वेळी एक अधिकारी, एक वजनकाटा, एक पट्टी. बारीक मासळीचा ढीग दिसला की बोटीचा क्रमांक लिहायचा, दुसऱ्यांदा दिसला की परतावा थांबवायचा. मोठ्या बोटीपासून सुरुवात करायची, मावशीच्या टोपलीपासून नाही. टोपलीवर धाड घालणं सोपं असतं, म्हणूनच मला तिची धास्ती वाटते.

खात्यात माणसं कमी आहेत, हे ऐकून आहे. मग भरती करा. दंड वीस लाखांवर नेला, तो वसूल करणारा माणूस नेमायला हात का आखडता?

१ ऑगस्टला बोटी बाहेर पडतात. त्या हंगामाचा पहिला माल धक्क्यावर उतरेल, तेव्हा पहाटेचे चार-साडेचार वाजलेले असतील. त्या लिलावाला पट्टी घेऊन कुठल्या बंदरावर कोण उभं राहणार, त्यांची नावं आणि हुद्दे खात्याने ३१ जुलैच्या आत जाहीर करावेत. पट्टीची अडचण असेल, तर आमच्या घरातली नेता येईल. मासळीचा वास गेलाय तिचा, दोनदा धुतली.