पुतण्याची यादी, जिजीची रात्र

"व माय, तुले काय सांगू!"

जिजीनं अशी सुरुवात केली की हातातलं काम बाजूला ठेवायचं. तुराट्यांच्या कुडापलीकडे ती वालाच्या शेंगा निवडत होती, अलीकडे मी मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. तिनं इकडे-तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "काल रात्री मी कुठं झोपले माहीत आहे का? दिराच्या घरात. एकटी."

जिजीच्या दिराचं घर म्हणजे आमच्या गल्लीतलं ते कुलपातलं घर. दीर-जाऊ सुरतेला जाऊन कितीतरी वर्षं झाली. आमच्या धानोऱ्याच्या माणसाला नंदुरबारला जाऊन गाडीत बसलं की सुरत मुंबई-पुण्यापेक्षा जवळची, त्यामुळे आमच्याकडची निम्मी घरं तिकडेच कमावतात. दिवाळीला येतात, जळमटं काढतात, पुन्हा कुलूप. किल्ली जिजीच्या कनवटीला. अशा घरात ती एकटी झोपली म्हणजे नवऱ्याशी, आबांशी, कडाक्याचं वाजलं असणार, हा माझा सरळ हिशोब.

"भांडण नाही गं. धंदा आहे!"

धंदा पुतण्याच्या डोक्यातला. तो सुरतेत कॉम्प्युटरवर काम करतो. त्यानं बापाच्या मागे लागून घराला रंग दिला, न्हाणीघराला फरश्या लावल्या आणि आता ते मोबाइलवरून रोजच्या भाड्यानं द्यायचं म्हणतो. "इथं कोण मरायला येतंय?" असं आबा म्हणाले, तर त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांची यात्रा भरते, लांबलांबून शौकीन येतात. होळीला काठीची राजवाडी होळी बघायला कॅमेरेवाले येतात. काठी इथून जवळ नाही, तिकडे अक्कलकुव्याच्या डोंगरात आहे, पण कॅमेरेवाल्याला अंतराचं काय? पावसाळ्यात तोरणमाळ. आणि लग्नसराईत तर आपलेच पाहुणे. नवरदेवाच्या मामाला झोपायला गादी कुणाकडे मिळेल म्हणून गल्लीभर फिरावं लागतं, ते मी स्वतः केलेलं आहे.

"मग त्यानं मला यादी पाठवली. पाहुण्याला काय काय द्यायचं त्याची." जिजीनं ब्लाउजमधून मोबाइल काढून कुडावरून माझ्या हातात दिला. यादी पाच ओळींची. टॉयलेट पेपर. हाताचा नि अंगाचा साबण. माणशी एक टॉवेल. माणशी एक उशी. पलंगावरच्या चादरी. संपलं. ही म्हणे त्या एअरबीएनबी कंपनीची 'अत्यावश्यक' यादी, जगभर चालते.

"यात बादली कुठं आहे?" मी विचारलं.

"तेच!" जिजीनं कुडावर असा हात मारला की दोन तुराट्या मोडल्या. "बादली नाही, मग नाही. हे लोक आंघोळ करतात कशानं?"

त्या कंपनीची गोष्ट पुतण्यानं तिला ऐकवली होती, ती तिनं मला ऐकवली. 2007 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत दोन पोरांना घरभाडं भागेना. शहरात कसलंसं मोठं संमेलन, हॉटेलं भरलेली. त्यांनी आपल्या खोलीत हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या, सकाळचा नाश्ता देऊ म्हणाले आणि पाहुणे घेतले. कंपनीच्या नावातली 'एअर' ती तीच, गादीतली. जिजीला हा भाग पटला. "गादी आणि न्याहारी. बरोबर आहे. आपल्याकडे धर्मशाळेत तेवढंही नव्हतं, वळकटी नि लोटा माणूस घरून न्यायचा." पण त्यांच्या यादीवर तिचा विश्वास बसेना. म्हणून ती संध्याकाळी आबांचं ताट वाढून निघाली. सोबत एक लुगडं आणि टॉवेल, जसा पाहुणा येईल तशी. घरून दुसरं काही न्यायचं नाही अशी स्वतःलाच शपथ घातली.

आता पुढचं तिच्याच तोंडून ऐकण्यासारखं होतं, पण तिच्या गोष्टीला इतके फाटे की मी आपलं सरळ करून सांगते.

पहिली फजिती ओट्यावरच. दिवा नाही. कुलूप उघडायला मोबाइलचा उजेड धरावा तर किल्ली फिरवायला हात उरत नाही. आत गेली तर बटणांचा बोर्ड दाराच्या पल्ल्यामागे. घरच्याला ते डोळे मिटून सापडतं. रात्रीच्या गाडीनं उतरलेला, कडेवर झोपलेलं पोर घेतलेला माणूस तिथं भिंती चाचपडत बसणार. "आणि दिवस पावसाळ्याचे असले, ओट्यावर विंचू-काटा असला, मग?" जिजी म्हणाली. तिनं तेव्हाच ठरवलं, ओट्यावर एक बल्ब, आणि दाराशी खिळ्याला एक बॅटरी टांगलेली. बॅटरी म्हणजे आमच्याकडे टॉर्च.

दुसरी फजिती न्हाणीघरात. फरश्या अशा गुळगुळीत की तोंड दिसावं. "पण लुगडं ठेवू कुठं? खुंटी नाही!" फरशीला भोक पाडलं तर तडा जाईल म्हणून गवंड्यानं एकही खिळा ठोकला नव्हता. जुन्या घरात पावलोपावली खुंट्या असायच्या, पगडीला, कंदिलाला, पिशवीला. नव्या न्हाणीघरात माणूस धुतलेले कपडे एका हातात उंच धरून दुसऱ्या हातानं आंघोळ करणार काय? बादली एक होती, रंगाऱ्याची, चुन्यानं माखलेली. मग नव्हताच. गिझरचं बटण बाहेर, कुठला नळ गरम ते कळायला सोय नाही. पहिल्यांदा थंड आलं आणि मग एकदम चटका. जिजीच्या म्हणण्याप्रमाणे खरी यादी अशी सुरू होते: दोन बादल्या, दोन मग, संडासातला मग वेगळा नि वेगळ्या रंगाचा, बसायला स्टूल, चार खुंट्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला स्टुलाशिवाय आंघोळ म्हणजे शिक्षा. टॉयलेट पेपरची एक गुंडाळी ठेवायला तिची हरकत नाही, "कुणाला लागतो त्याला लागतो."

मग तिनं पुन्हा आवाज खाली आणला. "आणि बाईच्या अडचणीचं पाकीट ठेवायचं कपाटात. वर्तमानपत्राचे तुकडे नि झाकणाची कचऱ्याची बादली न्हाणीत. हे पुतण्याला मी कसं सांगू?" मी म्हटलं, त्याच्या बायकोला सांग. म्हणाली, "सांगितलं. ती म्हणाली, काकू, हे यादीत सगळ्यात वर टाका."

रात्री दोन वाजता वीज गेली. हे व्हायचंच होतं. पंखा थांबला, डास आले. पुतण्यानं सुरतेहून सुगंधी मेणबत्त्या पाठवल्या होत्या, काचेच्या भांड्यात, जास्वंदीच्या रंगाच्या. काडेपेटी नव्हती. जिजी अंधारात त्या मेणबत्तीचा वास घेत बसली. मला इतकं हसू आलं की मिरचीचा हात डोळ्याला लागला, आणि पुढचा काही वेळ मी पाण्यानं डोळा धूत होते, तिकडे ती सांगतच होती: मच्छरदाणी हवी, आणि ती बांधायला भिंतीत आकडे हवेत, नुसती मच्छरदाणी घडी करून ठेवली तर पाहुणा ती काय पांघरणार? मोबाइल चार्ज करायचं सॉकेट पलंगापासून सहा हात लांब, तिथं लांब वायरीचा बोर्ड हवा. थंडीत गोधडी माणशी एक, आणि वर एक जास्तीची. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा कूलर आणि त्यात पाणी कुठून भरायचं हे लिहिलेली चिठ्ठी.

पाण्यावर ती बराच वेळ बोलली. बोअरचं पाणी आपल्याला सवयीचं, परक्याचं पोट बिघडतं. म्हणून वीस लिटरचा जार, शेजारी माठ, ओगराळं, आणि ओआरएसच्या पुड्या. नळ कधी येतो ते भिंतीवर लिहायचं. 108 नंबर मोठ्या अक्षरांत लिहायचा, जवळचा दवाखाना कुठं, रिक्षावाला कोण, आणि जिजीचा स्वतःचा नंबर. "ती काय वायफायची चिठ्ठी लावतात तिच्याच खाली," ती म्हणाली. वायफाय आहे का, मी विचारलं. "नाही. पण चिठ्ठी आहे."

सकाळचा चहा हा तिच्या मते कळस. विजेची किटली नवी, कप नवे, चहा-साखरेच्या बरण्या चकचकीत, दुधाची पावडर. गाळणी नाही! सांडशी नाही! शेवटी तिनं पदरातून चहा गाळला आणि तो डागाचा पदर मला कुडावरून दाखवला. सहा कप आणणाऱ्या माणसाला गाळणी सुचत नाही, कारण घरी ती आपोआप हाताला लागते. जिजीचं सगळं म्हणणं मला त्यात दिसलं. टॉवेल कुणीही आठवून आणतो. जे घरात कधी शोधावंच लागत नाही तेच राहून जातं, आणि ते घरमालकाला दिवसा उभ्यानं बघून कधी कळत नाही.

"आणि त्यानं भिंतीला लावायला वारलीचे पडदे पाठवलेत," जिजी म्हणाली. यावर आमचं दोघींचं एकमत झालं. वारली तिकडे पालघर-डहाणूची. इथं भिल्ल-पावऱ्यांच्या मुलखात येऊन पाहुण्यानं पालघरचं चित्र का बघावं? त्यापेक्षा शनिवार-रविवारी कुठला बाजार भरतो ते सांगा, एक बाटली तिखट आणि आमचूर ठेवा. मात्र हिवाळ्यात पाहुणा नंदुरबारात मिरचीच्या पथाऱ्यांवरून येणार असेल तर रुमाल बांधायला आधी सांगा, नाहीतर शिंकत शिंकत दारात येईल.

जेवणाचं तिनं अजून ठरवलेलं नाही. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी ती करून देईल, पण सांगून आलात तर. "रात्री दहाला शेवभाजी मागाल तर मी काय हॉटेल आहे?"

कागदपत्रांचं मात्र तिनं सगळं शोधून ठेवलंय, याचं मला नवल वाटलं. राज्याच्या पर्यटन खात्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे, तिथं घराची नोंद करता येते. पाहुण्याचं ओळखपत्र घेतल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. "देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या जिल्ह्यात दिलं, टेंभलीला, 2010 मध्ये. मग आपण आधार मागायला कशाला लाजायचं?" परदेशी माणूस उतरला तर 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं, ते पुतण्यानं करायचं. आणि 2023 पासून सरकारचं ते 'आई' धोरण आहे, बायकांनी चालवलेल्या पर्यटन धंद्याला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेपर्यंत परत मिळतं. फक्त धंदा बाईच्या नावावर पाहिजे.

"म्हणजे घर दिराचं आणि धंदा तुझ्या नावावर?"

जिजीनं एक शेंग मोडली, आतला किडका दाणा लांब फेकला. "जाऊबाईचा आज सकाळी फोन आला होता. विचारत होती, भाडं कोणाच्या खात्यात जमा होणार. मी म्हटलं, आधी काडेपेटीचे पैसे कोणाच्या खात्यातून आले ते बघ."

"मग?"

"मग काय, दिवाळीला येतायत सगळे. तेव्हा बघू." आबांनी आतून हाक मारली, पाणी आलं होतं. ती सूप उचलून निघाली आणि चार पावलं गेल्यावर वळली. "अगं, तुझ्याकडे जास्तीची गाळणी आहे ना? स्टीलची दे, ती प्लॅस्टिकची नको."