अ‍ॅव्हरेज वाढवण्याची शास्त्रशुद्ध रीत

पेट्रोलात ओतायच्या बाटलीला गुण येतो का, असे विचारत बसणारा माणूस मुळात आळशी असतो. गुण आपोआप येत नाही, तो आणावा लागतो. आणण्याची एक ठरलेली रीत आहे. बाटलीवर ती छापत नाहीत, म्हणून इच्छुकांच्या सोयीसाठी इथे देत आहोत.

आधी मुहूर्त. बाटली कधीही उठून घेऊ नये. गाडीचे अ‍ॅव्हरेज पार तळाला जाईपर्यंत कळ काढावी. पावसाळ्याचे दिवस, मेट्रोच्या पत्र्यांनी अर्धा रस्ता खाल्लेला, बाकीच्या अर्ध्यात खड्डे, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे जायची सोय नाही, अशा महिन्यात चांगल्या गाडीचाही आकडा पडतो. तो पडला, आपण हवालदिल झालो, की तोच बाटलीचा मुहूर्त. पुढे पाऊस ओसरतो, शाळांना दिवाळीची सुट्टी लागते, रस्ते मोकळे होतात आणि आकडा आपसूक वर येतो. तो येणारच होता. पण बाटली मध्ये घुसलेली असल्यामुळे श्रेय तिच्या नावावर जमा होते. अ‍ॅव्हरेज उत्तम असताना बाटली ओतणाऱ्याला हा लाभ मिळत नाही, उलट पुढच्या टाकीला आकडा घसरण्याचीच शक्यता जास्त.

मग पूर्वतयारी. ओतण्याच्या आदल्या दिवशी चारही चाकांत हवा भरून घ्यावी. बहुतेकांच्या टायरांत ती कमीच असते. एअर फिल्टर झटकावा, फार काळा असेल तर बदलावा. डिकीत गेल्या गणपतीपासून पडलेली सतरंजी, फरशीचे उरलेले तुकडे आणि मुलाची क्रिकेटची किट घरात न्यावी. या गोष्टींनी अ‍ॅव्हरेज खरोखरच वाढते. पण त्या फुकट किंवा जवळपास फुकट असल्यामुळे कुणाचा त्यांवर विश्वास बसत नाही. यासाठीच वर तीनशे रुपयांची बाटली लागते.

आता प्रत्यक्ष ओतणे. पंपावर “झिरो बघा साहेब” म्हणून झाल्यावर मुलगा मशीनच्या बाजूच्या फळीकडे हात करतो आणि विचारतो, “टाकू का एक? अ‍ॅव्हरेज वाढेल, पिकअप पण.” त्याने हे वाक्य दिवसभरात इतक्यांदा म्हटलेले असते की नोझल काढून टाकीला अडकवेपर्यंत ते बरोबर संपते. आपण मान हलवावी. पाव लिटरची ती बाटली टाकीत उलटी होते, बुडबुड असा आवाज येतो, रिकामी बाटली ड्रममध्ये जाते. एवढ्यावर विधी संपला असे समजू नये. खरे अनुष्ठान इथून सुरू होते.

कारण औषध टाकीत गेले तरी परिणाम पायावर होतो. तीनशे रुपये पेट्रोलात विरघळलेत हे ज्याला ठाऊक आहे तो सिग्नल सुटल्यासुटल्या अ‍ॅक्सिलरेटर दाबत नाही. लांबून लाल दिवा दिसला की पाय काढून घेतो. हायवेला ऐंशीवर राहतो, मागून ट्रकवाला हॉर्न देतो तरी राहतो. अशाने अ‍ॅव्हरेज वाढले नाही तरच नवल. बाटलीत साखरेचे पाणी नसावे एवढी काळजी घेतली तर याच पायाने तेवढाच गुण येईल.

पुढे पथ्ये. ती नीट पाळली नाहीत तर गुण जातो आणि तीनशे रुपयेही. पहिले पथ्य, टाकी फुल ते टाकी फुल असे मोजू नये. मोजायचेच असेल तर एकदाच मोजावे. पंपाचे नोझल प्रत्येक खेपेला एकाच जागी कट होत नाही. स्कूटरच्या पाच लिटरच्या टाकीत दोनशे मिलीलिटर पेट्रोल कमी मावले की चार टक्के अ‍ॅव्हरेज जागच्या जागी वाढते. हीच टाकी आपला पुरावा समजावी. पुढच्या टाकीला फरक उलटा पडू शकतो, म्हणून पुढची मोजू नये.

दुसरे पथ्य हिशेबाचे. बाटली ३०० रुपयांची, गाडीची टाकी ४० लिटरची, पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर. चार हजारांच्या पेट्रोलावर तीनशे, म्हणजे साडेसात टक्के. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १६.१च्या वर गेली तर नुसती बरोबरी होते, फायदा त्याच्याही पुढे. असली आकडेमोड गाडीत बसून करू नये.

तिसरे पथ्य सगळ्यांत कडक. घरातल्या कुणाला कधीही असे सांगू नये की, “काही वेळा बाटली ओत, काही वेळा ओतू नकोस, आणि कधी ओतलीस ते मला महिनाभर कळू देऊ नकोस.” या एका वाक्याने भल्याभल्या बाटल्या निकालात निघतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक उपकरणे आणि द्रव्ये तपासली. अ‍ॅव्हरेज ठळकपणे वाढवणारे त्यांत एकही सापडले नाही. चार-दोन गोष्टींनी किंचित फरक पडला, तोही काही वेळा धूर वाढवून. तिथल्या लोकांचा पाय बहुधा हलका नसावा.

ज्यांना यंत्राबद्दल शंका येत असतील त्यांनी हा परिच्छेद वगळावा. “इंधन पूर्ण जळते” असे बाटलीवर असते, पण धडधाकट इंजिनात ते आधीच अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या आसपास जळत असते. पेट्रोलातली निम्म्याहून जास्त ऊर्जा जाते ती उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून, आणि तिथे बाटलीचा हात पोचत नाही. ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटलीवर “तीन पॉइंट” लिहिलेले असले तर तो पॉइंट बहुधा दशांशाचा असतो, म्हणजे ९१चे ९१.३. आणि गाडी ठोके देत नसेल तर ऑक्टेन वाढवून तिला काहीही मिळत नाही.

या कलेची परंपरा मोठी आहे, तिची माहिती असावी. टू-स्ट्रोकच्या काळात पेट्रोलात २टी ऑइल मिसळावे लागे आणि ते अगदी रास्त होते, कारण त्या इंजिनाला वंगण पेट्रोलातूनच मिळे. ऑइल न टाकता चेतक पळवणाऱ्याचा पिस्टन जाम होई आणि मग तो घाम गाळत बसे. पेट्रोलात काहीतरी घातलेच पाहिजे हा संस्कार आपल्यावर तिथे झाला असावा. त्यातूनच पुढे कुणीतरी डांबराच्या गोळ्या टाकीत सोडल्या. त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनने ठोके थोडे कमी होतात हे खरे आहे, म्हणून ही विद्या टिकली. पण पेट्रोल उडून गेले की कार्बुरेटरच्या जेटपाशी त्याचीच पांढरी भुकटी मागे राहू शकते. शिवाय वाण्याकडे मिळणाऱ्या कित्येक गोळ्या नॅप्थलीनच्या नसून क्लोरीनयुक्त पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात. त्या जळल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, आणि ते इंजिनाला झुरळांपेक्षाही जास्त बाधते.

आणखी वरच्या पायरीचे दोन साधक. अमेरिकेत थॉमस मिजलीने १९२१मध्ये पेट्रोलात शिसे मिसळण्याची युक्ती काढली. ती बाटली शंभर टक्के चालली, ठोके खरोखर थांबले. हे द्रव्य निरुपद्रवी आहे हे दाखवायला १९२४मध्ये त्याने पत्रकारांसमोर त्यात हात धुतले. त्याआधी शिशाच्या विषबाधेमुळे तो स्वतः सुट्टीवर जाऊन आला होता. भारताने शिसेयुक्त पेट्रोल २०००मध्ये बंद केले, जगात शेवटचे २०२१मध्ये अल्जीरियात बंद झाले. दुसरे तमिळनाडूचे रामर पिल्लै. १९९६मध्ये त्यांनी पाण्यात पाला उकळून पेट्रोल काढून दाखवले आणि सारा देश हरखला. पुढे तपासात ते वनौषधी इंधन म्हणजे टोल्युइन, नॅप्था असले पेट्रोलियमचेच मिश्रण असल्याचे निघाले आणि २०१६मध्ये चेन्नईच्या सीबीआय न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली. पाणी मात्र अस्सल होते.

सध्या जोर आहे तो इथेनॉलपासून वाचवणाऱ्या बाटल्यांचा. हे दुखणे काल्पनिक नाही. आपल्याच उसापासून निघणाऱ्या इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाने अ‍ॅव्हरेज थोडे पडणारच, आणि पडलेली ऊर्जा कुठलीही बाटली परत आणत नाही. टाकीतले पाणी शोषून घेणारी जी बाटली असते तिच्यात पुष्कळदा अल्कोहोलच असते. पस्तीस लिटरच्या टाकीत सात लिटर अल्कोहोल आधीच भरलेले असताना पाव लिटर आणखी ओतण्यात एक प्रकारचे औदार्य आहे.

न्यायाला धरून सांगायचे तर पॉलीइथर-अमाइन असलेले क्लीनर इंजेक्टरवरचा आणि व्हॉल्व्हवरचा कार्बन खरोखर काढते. गाडी जुनी असेल, थंडीत भरभरत असेल, तर वर्षा-दोन वर्षांनी एखादी बाटली वाया जात नाही. पंपावरच्या महागड्या पेट्रोलात थोडेफार याच जातीचे काही असते. मात्र इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही, तिथे टाकीतून केलेली सफाई व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. परदेशी जाताना गाडी सहा महिने उभी ठेवणाऱ्यांना पेट्रोल टिकवणारे द्रव्यही उपयोगी पडते. या उपयोगांत अ‍ॅव्हरेज फारसे वाढत नसल्यामुळे त्यांची जाहिरात कमी दिसते.

शेवटी निवेदन. सोसायटीच्या पार्किंगमध्ये विचारणा झाली की आकडा दशांशात सांगू नये, “दोन-तीनने तरी वाढले” असे सांगावे. समोरच्याने “कुठली बाटली?” विचारल्यास नाव सांगावे. त्याने “हवा किती भरतोस?” असे विचारले तर विषय ताबडतोब पार्किंगच्या पट्ट्यांवर न्यावा.