ऑडिट काका

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाची खुर्ची सुटते, पण सही जुळवून पाहायची खोड त्याच्याबरोबर घरी येते. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत अशा गृहस्थांना ऑडिट काका म्हणतात. तुमच्या सोसायटीतही असतील; नाव वेगळं असेल इतकंच. पूर्वी त्यांचा जाच दूधवाल्याचं बिल आणि गणपतीची वर्गणी यांपुरता होता. मग घरोघरची मुलं मोबाइलवर नोकऱ्या शोधू लागली आणि काकांचे दिवस फिरले.

आता पोरं ऑफर लेटर घेऊन त्यांच्या दारात उभी असतात. प्रिंट काढूनच आणायचं. पीडीएफ काकांना चालत नाही. भिंग, लाल पेन, चहा. "खासगी कंपनीच्या पत्रावर अशोकस्तंभ? चार सिंह कशाला, सर्कस आहे का?" मग नजर ईमेलवर. कंपनी जगभर पसरलेली आणि पत्ता जीमेलचा. पेन थांबतं ते मात्र 'रिफंडेबल' या शब्दावर. लॅपटॉपसाठी डिपॉझिट, नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, सगळं रिफंडेबल. "नोकरी देताना डिपॉझिट घेतो तो मालक नव्हे रे, घरमालक!"

दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी एकदा त्यांच्यावर मात करायला आली होती. टेलिग्रामवरचं काम. यूट्यूबवरचे व्हिडिओ लाइक करायचे, एका लाइकला पन्नास रुपये. आणि दीडशे रुपये खरोखर खात्यात जमा! काकांनी पासबुक मागवलं, दीडशेची नोंद पाहिली आणि म्हणाले, "हे गळाला लावलेलं गांडूळ. आता 'प्रीपेड टास्क' येईल. दोन हजार भर, अठ्ठावीसशे घे. मग दहा हजार, मग पन्नास. स्क्रीनवर आकडा फुगत जाईल आणि काढायला गेलीस की म्हणतील, आधी टॅक्स भर."

"पण काका, ग्रुपमध्ये चाळीस जण आहेत. सगळ्यांना पैसे मिळालेत."

"चाळीस माणसं आणि एकाचीही तक्रार नाही? आपल्या सोसायटीचा ग्रुप बघ. खरी माणसं असती तर एव्हाना पार्किंगवरून भांडण लागलं असतं."

काकांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. २०२२ साली तमिळनाडूतल्या २८ जणांनी रेल्वेतल्या नोकरीसाठी मिळून २ कोटी ६७ लाख रुपये मोजले. त्यांना 'प्रशिक्षण' म्हणून नवी दिल्ली स्टेशनावर उभं केलं. महिनाभर, रोज आठ तास, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायचे. ऐकणारा इथे हसतो. काका हसत नाहीत. "मन लावून मोजले असतील हो पोरांनी," एवढंच म्हणतात आणि गार झालेला चहा पितात.

परदेशचं नाव निघालं की ते जास्तच चिडतात. बँकॉकमध्ये डेटा एंट्री सांगून नेलेली पोरं सीमेपलीकडे म्यानमारमधल्या कुंपणात अडकली आणि तिथे त्यांनाच दुसऱ्यांना फसवायच्या कामाला जुंपलं, हे त्यांनी पेपरात वाचलंय. त्यामुळे एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न; पगार कितीचा, हा शेवटचा.

आणि पैसे आधीच गेले असतील तर? बाप ओरडायला तोंड उघडतो, तेवढ्यात काका हात वर करतात. "शिव्या नंतर. आधी १९३०." सायबर फसवणुकीच्या या हेल्पलाइनला फोन तेच लावतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात तासाभरातही पळतात. लवकर कळवलं तर वाटेत गोठवता येण्याची आशा असते. त्या वेळी या किरकिऱ्या माणसाचा आवाज इतका शांत असतो की बापसुद्धा गप्प बसतो.

काकांचा सिद्धांत साधा आहे: खरी नोकरी गोड बोलत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला तीन मुलाखतींनंतर दोन महिने कोणी विचारलं नाही, मग मागितल्यापेक्षा कमी पगार सांगितला. काका खूश. "अपमान अस्सल आहे. घे ही नोकरी."

तरी कंपनीने रद्द केलेला चेक मागितल्यावर त्यांची झोप उडालीच. पत्रावरचा नंबर सोडून त्यांनी कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर शोधला आणि एचआरमधल्या मुलीला गाठलं. तुमचा एम्प्लॉयी नंबर काय, कधी लागलात, लागताना पैसे भरले होते का? तिने न चिडता सगळी उत्तरं दिली. शेवटी म्हणाली, "सर, तुमच्यासारखी बारकाईने पाहणारी माणसं आम्हाला कागदपत्रांच्या पडताळणीसाठी हवीच आहेत. घरूनच काम आहे. कराल का?"

काकांनी ताबडतोब फोन कापला आणि नंबर ब्लॉक केला.