चाकांवरचे बिऱ्हाड

येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींनी पेटीचरखा सिद्ध केला, तेव्हापासून स्वहस्ते यंत्र जुळवण्याची परंपरा या परिसरास आहे खरी. परंतु त्या चरख्यात वीज खेळत नव्हती, ही बाब जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचे फिरते बिऱ्हाड करू निघालेल्या आमच्या शेजारच्या सद्गृहस्थांच्या नजरेतून निसटली असावी. तपकीर गल्लीतून घासाघीस करून आणलेली, घरातल्या दिव्यास पुरेल अशी दीड चौरस मिलिमीटरची वायर बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये जोडून त्यांनी १५०० वॉटच्या शेगडीवर चहाचा संकल्प सोडला, तेव्हा १२ व्होल्टांनी भागल्यास १२५ अँपिअर येतात, हे सांगण्याची आमची प्राज्ञा नव्हती. वायरीचे लाल वेष्टण मेणासारखे ओघळले. फ्यूज तेवढा शाबूत, कारण तो वारंवार उडतो म्हणून त्याजागी तांब्याची तार गुंडाळण्याची तजवीज आधीच झाली होती! १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीशी विसंगत फेरफारास मज्जाव करते, हा मजकूर त्यांच्या दप्तरी अद्याप दाखल नाही. वाचकांस अर्ज इतकाच, की रंगीत दिव्यांचा सरंजाम हवा तितका करावा, पण वायरीस साजेसा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच बसवावा.