डेमो फुकट आहे, वहिनी!

अहो वहिनी, कचऱ्याचा डबा ठेवा आत, घंटागाडी केव्हाच गेली. जरा इकडे भिंतीपाशी या. कालपासून तुम्हाला सांगायचंय, पण तुमच्याकडे पाहुण्यांचा राबता. ते मागच्या गल्लीतले बँकवाले नाहीत का, त्यांच्या धाकट्यानं पाच हजारांचा गेम घेतला. अहो, एक रुपया कमी, चार हजार नऊशे नव्याण्णव! आणि दोन दिवसांत म्हणतो, नाही आवडला. दुकानातून डिस्क आणली असती तर निम्म्या भावात कुणाच्या तरी गळ्यात मारता आली असती. यानं ऑनलाइनच उतरवून घेतला, तो आता कोण परत घेणार? त्याची आई माझ्याकडे येऊन डोळ्याला पदर लावायला लागली. मी म्हटलं, बाई गं, पोरानं आधी डेमो नाही का खेळून बघितला?

हसा, हसा. आमचे हेही असेच हसतात. पण सावेडीत या विषयात माझ्याएवढा अनुभव कुणाचा असेल तर त्याला समोर आणा. आमचा मुलगा हिंजवडीला, खोलीवर टीव्ही नाही, म्हणून त्याचा प्लेस्टेशन ५ आमच्या शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी. तो येणार शनिवारी, तेही शिरूरच्या ट्रॅफिकमधून सुटला तर. मग आठवडाभर ते धूड काय नुसतं पुसत बसायचं? दुपारच्या मालिका तुम्हाला लखलाभ. मी डेमो खेळते. आणि फक्त डेमोच. पैसे मागितले की बंद करून चहा टाकायचा.

आणि हे काही आजचं नाही हो. आपली पोरं लहान होती तेव्हा ते व्हिडिओ गेमचं पार्लर आठवतं का? त्यातली ती लाकडी मशिनं? मी किती वेळा कान धरून आणलाय आमच्याला तिथून. सगळ्यांचा लाडका गेम म्हणजे मुस्तफा. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून पोरांनी अख्ख्या गेमचं बारसं तसं करून टाकलं. तर ते मशीन पैसे टाकायच्या आधी आपलं आपणच खेळून दाखवायचं. खिशात दमडी नसलेली पोरं दांडा हलवत उभी राहायची आणि वाटायचं, आपणच मारतोय! आमचा तर घरी येऊन सांगायचा, आई, आज मी फुकट जिंकलो.

पुढे माझ्या भावानं आखातातून पहिला प्लेस्टेशन आणला, त्यासोबत ‘डेमो वन’ नावाची डिस्क होती. खालून काळी कुळकुळीत. त्यात एक डायनासोर. गेम नाहीच तो, बटणं दाबून त्या डायनासोरला हलवायचं, चालवायचं, जबडा उघडायला लावायचा, बास. आमचं पोर सुट्टीभर त्या डायनासोरपुढे बसून. मशीनची ताकद दाखवायची होती त्यांना, दाखवली. मला विचाराल तर डेमोचं काम तेवढंच, एक गोष्ट दाखवा पण नीट दाखवा.

म्हणून मला आताचा तो अॅस्ट्रो आवडला. अॅस्ट्रोज प्लेरूम, २०२० पासून प्लेस्टेशन ५ सोबत आतच येतो. एवढासा पांढरा यंत्रमानव, मशीनच्या पोटातल्या भागांची नावं दिलेल्या मुलखांतून धावतो. वाळूवरून गेला की हातातला कंट्रोलर वाळूसारखा किरकिरतो, पाऊस आला की तळहातावर थेंब टपटपल्यासारखं. एका ठिकाणी तर तोंडानं फुंकर घालायची! मी फुंकत बसले आणि हे दारात उभे. म्हणाले, चूल पेटवतेस का? म्हणायला पूर्ण गेम आहे तो, पण खरं तर कंट्रोलरचाच डेमो. आणि त्यात कुठंही पैशासाठी हात पुढे केलेला नाही.

उलट तो रेसिडेंट ईव्हिल ४ चा चेनसॉ डेमो, मार्च २०२३ चा. वेळेचं बंधन नाही, कितीदाही खेळा. बया बया! गावात पाऊल टाकलं की आख्खं गाव कुऱ्हाडी, विळे घेऊन अंगावर. एक तर डोक्यात पोतं घालून लाकूड कापायची करवत घेऊन येतो. मी घरात दडायला गेले तर शिडी लावून खिडकीतून आत! शेवटी चर्चची घंटा वाजते आणि मेले सगळे मारामारी टाकून देवळात चालते होतात. तिथंच डेमो संपला. माझे तळवे ओले, पण गेम कसा आहे ते पुरतं कळलं. याला म्हणतात सरळ व्यवहार. याच कॅपकॉमनं, त्या मुस्तफावाल्यांनी, २०१९ साली दुसऱ्या भागाच्या नव्या आवृत्तीचा डेमो काढला तेव्हा मात्र नियम लावला, अर्धा तास आणि एकदाच. आमच्या भाच्यानं लगेच मामाच्या नावानं दुसरं खातं काढलं. अशा अटी घालून कुणी कधी थांबलंय का?

फसवणारे डेमोही असतात बरं. आपल्या कापड बाजारात नाही का, दुकानदार पदर असा झळझळीत उलगडतो आणि आतल्या साडीकडे बघूच देत नाही, तसं. २००१ ची गोष्ट भाचा अजून चिडून सांगतो. झोन ऑफ द एंडर्स नावाचा गेम कितीतरी जणांनी घेतला तो त्यासोबत येणाऱ्या मेटल गिअर सॉलिड २ च्या डेमोसाठी. जहाज, धो धो पाऊस, आणि स्नेक नावाचा कसलेला नायक. पुरा गेम आला तेव्हा जहाजाचा भाग संपला की स्नेक बाजूला, आणि पुढे सगळा वेळ रायडेन नावाचा कोवळा पोरगा! करणाऱ्या हिदेओ कोजिमानं ते मुद्दाम लपवून ठेवलं होतं. भाचा त्याला लबाड म्हणतो. मी म्हणते, बिलंदर.

कारण ऐका ना, हाच गडी पुढे काय करतो. ऑगस्ट २०१४, प्लेस्टेशन ४ वर ‘पी.टी.’ नावाचा एक फुकट डेमो येतो, बनवणाऱ्याचं नावही खोटं. आत काय? घरातला एक बोळ. टोकाला दार. दार उघडून गेलं की परत तोच बोळ. मग रेडिओ बोलायला लागतो, दिवा हलतो, बाई उभी असते. कुणीतरी शेवटपर्यंत पोचलं तेव्हा कळलं, हा सायलेंट हिल्सचा डेमो, कोजिमा आणि सिनेमावाला गिलेर्मो देल तोरो दोघांचा. आणि तो गेम आलाच नाही! २०१५ मध्ये गुंडाळला, डेमोही दुकानातून काढून टाकला. ज्यांच्या मशिनीत राहिला त्यांच्याकडेच राहिला. परदेशात लोकांनी तसली जुनी मशिनं चढ्या भावानं विकायला काढली. केडगावच्या भाच्याकडे आहे, मी त्याला बजावलंय, लग्न झालं तरी ते मशीन बायकोला भंगारात घालू देऊ नको. मी एकदाच खेळले. रात्री बाथरूमला जाताना यांना उठवलं, आता तुम्हाला म्हणून सांगते. एवढासा बोळ, पण मोठमोठ्या गेमांना असं भेदरवता येत नाही.

लांबलचक डेमो मात्र मला पटत नाहीत, आणि त्यातले काही वीस-वीस जीबीचे, उतरेपर्यंत दुधाचं दही होतं. फायनल फँटसी १६ चा जून २०२३ चा, चांगला दोन तासांचा. राजपुत्र, त्याचा आजारी धाकटा भाऊ, बाप, सावत्रासारखी वागणारी सख्खी आई. सगळं जुळवून आणतात, मग एका रात्रीत होत्याचं नव्हतं करतात आणि डोळे पुसायच्या आत पडद्यावर, पुढचं हवं तर विकत घ्या, खेळलेलं सगळं पुढे चालू राहील! मी रडत होते आणि हे मागून, किती आहे गं किंमत? त्या दिवशी माझा नेम मोडता मोडता राहिला.

भावंडांचंच बघायचं तर आपल्या पुण्याचा राजी हा गेम बघा. नॉडिंग हेड्स गेम्स, पुण्याचीच मंडळी. सर्कशीतली पोरगी राजी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते, आणि दुर्गा नि विष्णू आपसात तिची गोष्ट सांगतात. २०१७ मध्ये लोकांकडून वर्गणी मागितली, खेळता येईल असा तुकडाही पुढे ठेवला. वर्गणी पुरेशी जमलीच नाही. तरी रेटून ऑगस्ट २०२० ला निन्टेंडो स्विचवर आणला, ऑक्टोबरात प्लेस्टेशन नि एक्सबॉक्सवर, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन! आपलं म्हणून गोड मानून घेणार नाही हं मी. मारामारी एकसुरी आहे, आणि शेवट असा तुटतो की वाटतं लाइटच गेली. पण महाल, भिंतींवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट, याला तोड नाही. त्या उणिवा वेळीच कशा काढायच्या ते बघा, जपानी गेम ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलरवाल्यांनी २०१७ मध्ये डेमो देऊन लोकांना प्रश्नावली पाठवली, काय खुपलं ते विचारलं आणि तसे बदल केले. आपल्या पोरांना तेवढा वेळ नि पैसा कुणी दिला असता तर?

आलं वाटतं तुमचं दूध उतू, वास येतोय. जा, जा. पण तुमच्या नातवाचा वाढदिवस जवळ आला ना? त्याला सांगा, चार हजारांच्या वरचा गेम असेल आणि त्याचा डेमो नसेल तर आजोबांच्या पेन्शनला हात लावायचा नाही. आणि डेमो असेल तर आधी माझ्याकडे पाठवा. मी दुपारी दोन ते चार घरीच असते.