जरा उजवीकडे घ्या

विहिरीला पाणी कुठे लागेल हे सांगणारा पाणाड्या आणि जुन्या मोटारीतला आवाज कुठून येतो हे सांगणारा मिस्त्री, या दोघांवर आमच्या सोलापूरकडची माणसं सारख्याच श्रद्धेनं विसंबतात. दोघंही मोजकं बोलतात, बराच वेळ नुसते ऐकत उभे राहतात आणि मग पायाखालच्या एका जागेकडे बोट दाखवतात. तिथे काही निघालं नाही, तर शेजारी खणायला सांगतात. त्याचाही राग कुणाला येत नाही.

काकांच्या प्रीमिअर पद्मिनीला असे ऐकणारे कान वरचेवर लागत. सात रस्त्याजवळचा गतिरोधक ती हळू ओलांडायची, तेव्हा पुढून कुठूनतरी एक ‘टक्’ यायचा; संकोची पाहुण्यानं दारावर एकदाच वाजवावं आणि पुन्हा वाजवू नये, तसा. खडबडीत रस्त्यावर त्याचा खडखडाट व्हायचा. मे महिन्यात, पारा बेचाळिशी ओलांडून गेला की बुशांची रबरं वाळून कडक व्हायची आणि गाडी वळणावर कुईं करून तक्रार नोंदवायची. काका म्हणत, “बोलू दे तिला. घरचीच आहे.”

हे घरचं नातं त्यांनी थेट इतिहासातून काढलं होतं. कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद हे 1882 साली सोलापुरात जन्मले. पुढे त्यांनी जहाजं चालवली, विमानांच्या कारखान्याचा पाया घातला आणि 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. गाडीचा मूळ आराखडा इटलीतल्या फियाटचा, घडण कुर्ल्याची, आणि ‘पद्मिनी’ हे नाव 1974 पासूनचं. पण काकांच्या हिशेबी ती सोलापूरचीच लेक. त्यामुळे चढावर ती दमली नाही, तर श्रेय सोलापूरच्या पाण्याला, आणि थंडीत सुरू झाली नाही, तर दोष इटालियनांचा. लेक माहेरी आल्यावर तिची प्रकृती जशी सगळं घर मिळून तपासतं, तशी ती आमच्याकडे तपासली जाई.

खरी तपासणी मात्र अक्कलकोट रोडवरच्या एका शेडमध्ये होई. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. गाडीची चाकं जमिनीवरच ठेवून, इंजिन बंद करून ते खाली सरकत आणि चालकाच्या जागेवर मला बसवत. माझं काम एवढंच, की स्टीअरिंग डावी-उजवीकडे जरा जरा हलवायचं. चाकं वळता कामा नयेत, पण सांधे जागे झाले पाहिजेत. खालून आवाज यायचा, “बारीक बारीक, मालक, बारीक बारीक.” सगळ्या सोलापुरात मला मालक म्हणणारा तो एकच माणूस, आणि तोही मला दिसत नसे. उस्ताद एकेका सांध्याला चिमटीत धरत. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. काळोखात, ग्रीसच्या थराखाली, टाय रॉडचं एक टोक हललं आणि दुसरं क्षणभर विचार करून मग हललं, की तो क्षण त्यांच्या बोटांना कळे.

मग जॅक लावून पुढचं चाक उचलायचं आणि आधाराला लाकडाचा जाड ठोकळा सरकवायचा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ढिलं लागलं, तर किंगपिन तरी गेलेली किंवा चाकाचं बेअरिंग तरी. दोघांतला गुन्हेगार कोण, हे ठरवायची त्यांची युक्ती मला आजही फार देखणी वाटते. मला ब्रेक दाबून धरायला सांगत आणि चाक पुन्हा हलवत. ब्रेकनं चाक आणि त्यामागचा भाग एकमेकांना जखडले जातात. तेव्हा ढिलाई नाहीशी झाली, तर बेअरिंग, आणि तरीही राहिली, तर किंगपिन. डावी-उजवीकडे धरून चाक हललं, तर आधी टाय रॉडची टोकं तपासायची. शेवटी ते पुढच्या मडगार्डवर दोन्ही हातांनी भार देऊन सोडत. शॉकअप चांगले असतील, तर गाडी एकदा वर येऊन गपकन बसते. आमची मात्र बराच वेळ होकार देत राहायची.

टायरही ते वाचत. तळवा आडवा फिरवून सांगत, कडेचा घास कुठे गेलाय, खड्डे-उंचवटे कुठे पडलेत. कडेची झीज म्हणजे अलाइनमेंट बिघडलेलं, खड्डे-उंचवटे म्हणजे शॉकअप थकलेले. या वाचनाच्या वेळी शेडमध्ये कुणी बोलत नसे. चहावाला पोरगाही पेले न वाजवता ठेवून जाई.

काकांना एकच गुन्हेगार हवा असायचा. एक पार्ट बदलला, पैसे दिले, विषय संपला. उस्ताद मान हलवत. “एकाला पकडून काय करता मालक, सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लंय.” एखाद्या संस्थेच्या लेखापरीक्षणात शोभावं असं हे वाक्य होतं. प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे विचारला, तर निर्दोष ठरण्याइतपतच झिजलेला. पण स्टीअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंतची सगळ्यांची बारीकसारीक ढिलाई एकत्र आली, की काकांच्या हातातलं चक्र चांगलं चार बोटं फिरेपर्यंत चाकाला त्याची खबरही नसे.

गंमत म्हणजे काकांना हे कधी जाणवलंच नव्हतं. झीज इतक्या सावकाश येते, की हात तिच्याबरोबर शिकत जातात. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते. त्यात डाव्या लोअर आर्मचा बुश गेलेला, म्हणून गाडी डावीकडे ओढायची आणि काकांचे हात न सांगता तिला उजवीकडे धरून ठेवायचे. परका माणूस चालवायला बसला, की शंभर पावलांत घामाघूम होई. काकांना वाटे, त्याला चालवता येत नाही.

आणि काकूही या यंत्रणेतला एक भाग होत्या. त्या डावीकडे बसत, रस्त्याची कड त्यांना आधी दिसे. तुळजापूरच्या वाटेवर मांडीवरच्या शेंगा सोलता सोलता, मान वर न करता त्या म्हणत, “जरा उजवीकडे घ्या.” काका घेत. पुन्हा काही शेंगांनंतर, “जरा उजवीकडे घ्या.” त्यांच्या संसारातलं बरंचसं संभाषण या एका वाक्यावर झालं असावं, आणि मला तरी ते कमी वाटलं नाही.

अखेर काकांनी मन मोठं केलं. बुश, टाय रॉडची टोकं, किंगपिन, शॉकअप सगळं नवं पडलं. उस्तादांनी निपलांतून ग्रीस भरलं, चाकांच्या कडेनं दोरी ताणून अलाइनमेंट साधलं. गाडी बाणासारखी सरळ झाली आणि काका नागमोडी चालवू लागले. नसलेली ओढ सावरायला हात आपोआप उजवीकडे जायचे, मग घाईनं डावीकडे. घरी येऊन त्यांनी चिंतेनं पाणी मागितलं. काकू म्हणाल्या, “चांगली होती हो गाडी.”

हात महिन्याभरात निवळले. काकूंचं वाक्य मात्र राहिलं. शेंगा होत्या, तुळजापूरचा रस्ता होता, आणि नेमक्या त्याच अंतरानं “जरा उजवीकडे घ्या” येत होतं. काका घेत होते. समोरचे ट्रक हॉर्न वाजवत होते.

पुढच्या ग्रीसिंगला दोघंही शेडवर गेले. काका म्हणाले, “उस्ताद, सगळं झकास आहे, पण अधूनमधून उजवीकडे जाते बघा.” उस्तादांनी पुढचं चाक धरून हलवलं, टायरवरून तळवा फिरवला, गाडीत डोकावून काकूंच्या पायाशी पडलेल्या टरफलांकडे पाहिलं. मग हात पुसत किल्ली मागून घेतली.

“ट्रायल मारून येतो, मालक. तुम्ही दोघं चहा घ्या. मी एकटाच जातो.”