वाढ तेहेतीस टक्के, खिशात घट

श्री. एचआर साहेब,

माझी भाची नाशिकहून तुमच्या ऐरोलीच्या ऑफिसात यायचं म्हणतेय. तिला तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारलात, ‘सध्याचं सीटीसी किती?’ ती म्हणाली, ७ लाख २० हजार. दहा मिनिटांत तुमची ऑफर तयार: ९ लाख ६० हजार, ‘तेहेतीस टक्के हाइक’. तिच्या कामाचा भाव ठरवायला तुम्हाला तिचं काम लागलं नाही, ती राहणार ते शहरही लागलं नाही. जुन्या पगाराचा आकडा पुरला.

९ लाख ६० हजार म्हणजे महिन्याला ८० हजार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. तसं वाटावं म्हणूनच तुम्ही तो आकडा सांगता. ब्रेक-अप तिने तीनदा मागितल्यावर पाठवलात, म्हणून हिशोब तरी करता आला. व्हेरिएबल ९६ हजार. कंपनीचा पीएफचा वाटा ५७,६००. ग्रॅच्युइटी २३ हजार, विम्याचा हप्ता १२ हजार. हे काढून मग तिच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर वजा केला की हातात ५९ हजार आणि वर काही रुपये.

पीएफ तिचाच आहे, तो कधीतरी मिळेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण ग्रॅच्युइटी? कायम नोकरीत सलग पाच वर्षं काढल्याशिवाय ती मिळत नाही. पोरगी तीन वर्षांत गेली तर ते पैसे तुमच्याकडेच राहणार, आणि तरी आज ते तिच्या पगारात मोजता. व्हेरिएबल गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के वाटलंत, हे तिने विचारलं. त्यावर तुम्ही ‘कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून’ एवढंच लिहिलंत.

नाशिकला ती आईवडिलांच्या घरात राहते, हातात ४६ हजार येतात. ऐरोली जवळ पडावं म्हणून ठाण्यात साधा वन बीएचके पाहिला, भाडं २२ हजार. ते दिल्यावर उरतात ३७ हजार. डबा, लोकलचा पास, वीजबिल, महिन्यातून एकदा घरी जाणं अजून धरलेलंच नाही. तुमची तेहेतीस टक्के वाढ घेऊन ती आजच्यापेक्षा जवळजवळ नऊ हजारांनी मागे जाते. घरमालक भाडं रोख मागतो साहेब, व्हेरिएबलमधून नाही.

रिलोकेशनचे ४० हजार तुम्ही मोठ्या मनाने देताय, असं पत्रावरून वाटतं. ते मिळणार पहिल्या पगारासोबत, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर सगळे परत. तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याची दलाली, म्हणजे ८८ हजार, घराची किल्ली हातात पडण्याआधी मोजावे लागतात. ते तिच्या वडिलांच्या मुदत ठेवीतून जाणार. तुमच्या कंपनीला माणूस नवी मुंबईत हवा आणि त्याचा खर्च नाशिकच्या निवृत्त शिक्षकाने करायचा, ही कुठली रीत?

आणि मुदत! जुन्या ठिकाणी तिचा नोटीस पिरियड दोन महिन्यांचा. तेवढे दिवस थांबायची तुमची तयारी आहे. पण विचार करायला तिला ४८ तास. एवढ्या घाईत माणूस भाड्याची चौकशी करत नाही, म्हणूनच ती मुदत.

तिला ही नोकरी हवी आहे, काम तिच्या आवडीचं आहे. म्हणून तिने शब्दांचा घोळ न घालता मेल केलाय. व्हेरिएबल निम्मं करून उरलेलं फिक्स्डमध्ये आणा. डिपॉझिटपुरता बिनव्याजी अ‍ॅडव्हान्स द्या, दहा हप्त्यांत कापून घ्या. रिलोकेशनची वसुली जितके महिने कमी भरले तितक्याच प्रमाणात ठेवा. यातलं एकही तुमच्या कंपनीला जड नाही.

‘बजेट फिक्स आहे’ असं पुन्हा फोनवर सांगू नका, मेलला उत्तर मेलने द्या. ते लेखी हातात पडेपर्यंत ती राजीनामा देणार नाही.

एका उमेदवाराचा मामा
नाशिक